छऱ्याचा वेग

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक यंत्र विकत घेतले, ही वार्ता आमच्या मित्रमंडळात जितक्या चर्चेचा विषय झाली तितकी माझी दोन्ही पुस्तके मिळून कधी झाली नव्हती. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाने चष्मा घ्यावा, छत्री घ्यावी, फार तर पाठदुखीसाठी एखादी आरामखुर्ची घ्यावी. परंतु हवेच्या बंदुकीतून सुटलेला छर्रा सेकंदाला किती मीटर धावतो हे सांगणारा क्रोनोग्राफ त्याने कशासाठी घ्यावा? "कोणावर नेम धरला आहे?" असे एका स्नेह्याने हसत हसत विचारले. "एका जुन्या निकालावर अपील करावयाचे आहे," एवढेच मी बोललो. तो निकाल कोणी दिला होता हे सांगण्याचा धीर मला त्या वेळी झाला नाही. तो आता करतो.

आमचे गाव बीबी. लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. थोरले बंधू तेथे सोयाबीन, तूर आणि बेभरवशाचा पाऊस यांच्याशी झुंजत घर सांभाळतात, आणि मी अकोल्यास नोकरी करून सणावाराला घरी जातो व सर्वांना उपदेश करून परत येतो. दादांची धाकटी मुलगी तनू पंधरा वर्षांची आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्या दिवसापासून ह्या मुलीच्या डोक्यात नेमबाजीखेरीज दुसरा विषय राहिला नाही. "काका, कांबळवाडी आपल्या बीबीपेक्षा मोठी आहे का हो?" असे तिने मला फोनवर विचारले होते. "लहानच असेल," असे मी उत्तर दिले, आणि ह्या उत्तराचा परिणाम काय होणार आहे ह्याचा विचार न करता फोन ठेवून दिला.

परिणाम असा झाला की दादांनी एका परिचिताच्या घरी धूळ खात पडलेली छऱ्याची बंदूक स्वस्तात मिळविली. नळी मध्ये मोडून छर्रा भरावयाची, आत स्प्रिंग असलेली, जत्रेत फुगे फोडण्यासाठी ठेवतात त्याच जातीची. मात्र थोडी बऱ्या घराण्यातली. वहिनींनी अट घातली की पाखरांकडे नळी वळता कामा नये. दादांच्या आणि माझ्या बालपणीचा होल्यांचा इतिहास त्यांना ठाऊक होता, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या वेळीही लागू होता हे त्या आम्हांला अधूनमधून ऐकवीत असतात. गोठ्यात दहा मीटर अंतर मोजले, मातीच्या जाड भिंतीपुढे वाळूची पोती रचली, आणि पोरीचा सराव सुरू झाला.

सात-आठ महिन्यांनी शाळांच्या स्पर्धेत तिची निवड हुकली. मी त्या वेळी बीबीसच होतो. सायंकाळी ओट्यावर चार मंडळी चहाला जमली होती. तनू कागदी लक्ष्ये घेऊन आली आणि म्हणाली, "काका, ही बंदूक एकदा वर मारते, एकदा खाली मारते. माझा नेम तर एकाच जागी असतो." मी कागदांकडे पाहिलेसुद्धा नाही. कपबशी खाली ठेवली आणि म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडे!" मंडळी हसली. चांगली म्हण वेळेवर सुचली ह्याचा मला जो आनंद झाला तो मी लपविला नाही. पोर काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी बंदूक माळ्यावर गेली, आणि पुढे पाच महिने ती कोणी खाली काढली नाही.

हे मी आमच्या कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांना सांगितले, तेसुद्धा आजकालच्या मुलांना चिकाटी कशी नाही ह्याचे उदाहरण म्हणून. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि दोनच शब्द विचारले, "मोजलेत का?" मी म्हटले, "काय मोजावयाचे?" ते म्हणाले, "वेग. मुलीचा नेम चुकला तर छरे चहूकडे जातील. बंदुकीचा वेग चुकला तर ते वरखालीच जातील. कागद पाहिलेत ना?" वीस वर्षांहून अधिक काळ मी वर्गात सांगत आलो आहे की पुरावा तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये. त्या कागदांवरील छिद्रे वरखाली होती की चहूकडे होती, हे मला आठवण्याचे कारणच नव्हते.

मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर मला जे गणित करून दाखविले ते येथे देतो, कारण पुढचा सर्व खटाटोप त्याच्यावर उभा आहे. छर्रा नळीतून सुटला की त्याच क्षणी पृथ्वी त्याला खाली ओढू लागते. सेकंदाला १६० मीटर वेग असेल तर दहा मीटर जाण्यास त्याला सुमारे एक षोडशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तो १.९ सेंटिमीटर खाली येतो. वेग १२० असेल तर तो वाटेत अधिक काळ राहतो, आणि ३.४ सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे नेम केसाइतकाही न ढळता दोन छिद्रांत दीड सेंटिमीटरचे अंतर पडते. आता दहा मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावरील वर्तुळे अडीच अडीच मिलिमीटरच्या अंतराने आखलेली असतात. सर्व लक्ष्याचा व्यास साडेपंचेचाळीस मिलिमीटर. दीड सेंटिमीटर म्हणजे सहा वर्तुळे. ज्या हाताने दहा गुण मिळावयाचे त्याच हाताला चार मिळतात, आणि वर ओट्यावर बसलेला चुलता म्हण ऐकवितो.

तेव्हा यंत्र घ्यावयाचे ठरले, परंतु कोणते? हा बाजार मला सर्वस्वी नवा होता. सर्वांत श्रीमंत यंत्रे रडारची. ती बंदुकीच्या शेजारी नुसती ठेवावयाची. छऱ्याच्या मागोमाग लहरी जातात, परत येतात, आणि वेग पडद्यावर उमटतो. अमेरिकेच्या गार्मिन कंपनीने २०२३ मध्ये काढलेले अशा जातीचे एक यंत्र तळहातावर मावते, आणि त्याची किंमत सहाशे डॉलरच्या आसपास आहे. तेवढ्या रुपयांत दादांचे बियाणे येते. तो विचार मी तेथेच सोडला.

दुसरी जात दोन खिडक्यांची. एका पट्टीवर काही अंतराने दोन प्रकाशग्राहक डोळे बसविलेले असतात आणि वर पांढऱ्या पत्र्याची छत्री असते. छऱ्याची सावली पहिल्या डोळ्यावरून गेली की घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावरून गेली की थांबते. अंतर भागिले काळ, म्हणजे वेग. खिडक्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आणि छऱ्याचा वेग १५० असेल, तर हा सर्व व्यवहार एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात आटोपतो. घड्याळाची त्यात अडचण नसते. स्फटिकाची घड्याळे आता कवडीमोल झाली आहेत. अडचण असते उजेडाची. हे डोळे आकाशाच्या मऊ प्रकाशावर जगतात. छपराखाली विजेची नळी लावली तर ती आपल्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. माणसाला ते दिसत नाही, यंत्राला दिसते, आणि ते छर्रा सुटण्यापूर्वीच वेग सांगून मोकळे होते. आमचा गोठा छपराचा, त्यात विजेची नळी, आणि सरावाची वेळ सायंकाळची. ही जात गुणी खरी, पण आमच्या घरात ती नांदली नसती.

तिसरी जात बोगद्याची. लहानशा बंद नळकांड्यात यंत्राचा स्वतःचाच अवरक्त प्रकाश असतो; बाहेरच्या आकाशाशी त्याला कर्तव्य नाही. किंमत तीन हजारांच्या आत. परंतु येथे दोन डोळ्यांतील अंतर जेमतेम सहा सेंटिमीटर. पदार्थविज्ञानाच्या स्नेह्यांनी येथे मला सावध केले. तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर चुकला तर वेगात सहाशे भागांत एक भाग चूक येते. सहा सेंटिमीटरच्या बोगद्यात तोच अर्धा मिलिमीटर शंभरात जवळजवळ एक भाग चूक करतो. मी निराश झालो. तेव्हा ते म्हणाले, "तुम्हांला काय हवे आहे ते आधी ठरवा. बंदुकीचा खरा वेग हवा आहे, की एक छर्रा दुसऱ्यासारखा जातो की नाही हे हवे आहे? डोळे पुढेमागे बसले असतील तर ते प्रत्येक छऱ्याला सारखेच पुढेमागे असतील. तुमच्या वाण्याचा काटा खोटा असला, तरी दोन लिंबांत मोठे कोणते हे तो बरोबर सांगतो."

माझ्या मते स्वस्त मापक निवडण्याचे सर्व शास्त्र ह्या लिंबांच्या वाक्यात आहे, आणि ज्यांनी माझ्यासारखे रात्र रात्र जाहिरातींचे ढीग उपसले आहेत त्यांना ते पटेल. विक्रेता अचूकतेच्या गोष्टी सांगतो. आपणांस बहुधा हवा असतो एकसारखेपणा. मला सेकंदाला दोन-तीन मीटरचा फरक ओळखणारे यंत्र पुरेसे होते, कारण त्याहून लहान फरकाने ह्या अंतरावर एका वर्तुळाचेही नुकसान होत नाही. मी बोगदा मागविला.

तरीही मनात एक शंका राहिलीच. यंत्र निव्वळ थापा मारीत असेल तर? त्याची साक्ष पडताळून पाहणारा दुसरा साक्षीदार हवा. फोनवर आवाज टिपून वेग काढण्याची एक फुकटची रीत आहे. बंदुकीचा आवाज आणि लक्ष्यावर छर्रा आदळल्याचा आवाज ह्यांतील काळ पाहावयाचा, आणि दुसऱ्या आवाजाला दहा मीटर परत येण्यास लागलेला सेकंदाचा पस्तिसावा भाग त्यातून वजा करावयाचा. पण आमच्या बंदुकीची स्प्रिंग सुटल्यावर जुन्या खाटेसारखी करकरत राहते. आवाज नेमका कोठे सुरू झाला हे ठरविण्यात माझा एक रविवार गेला. तेव्हा शेवटी शरण गेलो ते बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणित्याला. १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या तोफविद्येवरील ग्रंथात त्याने सुचविले की गोळीचा वेग मोजण्यासाठी घड्याळाची गरजच नाही. जड लाकडाचा ठोकळा टांगून ठेवा, गोळी त्यात रुतू द्या, आणि ठोकळा किती झुलला ते पाहा. एकोणिसाव्या शतकात ल बुलांझे नावाच्या बेल्जियन लष्करी अधिकाऱ्याने ह्यावर ताण केली. गोळीने पहिली तार तोडली की एक दांडा खाली पडू लागतो, दुसरी तोडली की एक सुरी त्या पडत्या दांड्यावर खूण करते. खुणेच्या उंचीवरून काळ निघतो. ही युक्ती वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजविली. पण ती घरी करण्यासारखी नव्हती. रॉबिन्सचा झोपाळा होता.

बीबीला पोचल्यावर प्रथम गेलो सोनाराकडे. एक छर्रा त्याच्या काट्यावरही चाचरत होता, म्हणून वीस छरे एकदम टाकले. दहा ग्रॅम भरले. म्हणजे एक छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. "हे कोणत्या देवाचे मणी?" असे सोनाराने विचारले. मग पत्र्याचा एक डबा घेतला, त्यात घट्ट कणीक भरली, सर्व मिळून ५०० ग्रॅम केले, आणि गोठ्याच्या आढ्याला दोन मीटर लांबीच्या चार दोऱ्यांनी तो टांगला. कणकेच्या प्रश्नावर वहिनींशी जो संवाद झाला तो येथे देत नाही. सकाळची कणीक दुपारी वाळून हलकी होते आणि डब्याचे पुन्हा वजन करावे लागते, एवढे मात्र पुढील संशोधकांच्या सोयीसाठी नमूद करतो. डब्यामागे एस.टी.चे एक जुने तिकीट दुमडून उभे केले. डबा मागे झुलून त्याला जेथपर्यंत ढकलील तेथे मोजपट्टी लावावयाची. १५० मीटर वेगाला हा झोका ६.८ सेंटिमीटर यावयास हवा, असा हिशेब होता.

लोणारचे विवर आमच्या अगदी जवळ आहे. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचा तो खळगा कठीण काळ्या दगडात एका अशनीने पाडला. ती आली तेव्हा वेग मोजणारा कोणी नव्हता. शास्त्रज्ञ आज तिच्याविषयी जे काही सांगतात ते खड्ड्याच्या आकारावरून आणि वितळलेल्या दगडावरून सांगतात. कणकेचा डबा झुलताना पाहून मला वाटले की आमच्या तालुक्यात ही रीत काही नवी नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः माळ्यावर चढून बंदूक खाली आणली. तनू दारात उभी राहून पाहत होती. "कायले काढता, काका?" एवढेच ती बोलली. मी सांगितले की बंदुकीची परीक्षा घ्यावयाची आहे. "बंदुकीची?" असे तिने पुन्हा विचारले, आणि त्या एका शब्दावर तिने दिलेला भार मला पुरेसा झाला.

पहिला अर्धा तास फजितीत गेला. मावळतीचे ऊन पत्र्याच्या फटीतून थेट बोगद्यात शिरत होते, आणि यंत्र पडद्यावर नुसत्या रेघा दाखवीत होते. गोणपाट लावल्यावर ते शुद्धीवर आले. मग दहा छरे झाले, आणि मी आकडे वहीत उतरविले: १४८, १२३, १५७, १३९, ११९, १५२, १२८, १६०, १४४, १३१. सरासरी १४०, वरच्या आणि खालच्या टोकांत ४१ मीटरचा फरक. पाच छरे कणकेच्या डब्यात मारले. यंत्राने १२५ म्हटले त्या वेळी तिकीट साडेपाच सेंटिमीटरच्या किंचित पुढे सरकले, १५८ म्हटले त्या वेळी सातच्या पुढे गेले. तीन हजारांचा साक्षीदार खोटे बोलत नव्हता. तरीही माझ्यातील तार्किकाला शेवटची पळवाट सुचली: मुलगी बंदूक धरते त्यात काही असेल. म्हणून दादांनी दहा छरे मारले, मी दहा मारले. आकडे तसेच वेडेवाकडे. माझे छरे वाळूच्या पोत्यांतही नीट गेले नाहीत. पण वेगाला त्याचे काय!

दादांनी सर्व आकडे पाहिले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्हणजे अंगण वाकडंच होतं म्हणायचं."

मी तनूला सांगितले की तू म्हणालीस ते खरे होते, मी ऐकावयास हवे होते, आणि ते चार माणसांत बोललो हे त्याहून वाईट झाले. ही वाक्ये मी मेहकरपासून बीबीपर्यंत मनात जुळवीत आलो होतो. तोंडून निघाली तेव्हा ती बरीच तोकडी झाली होती. तिने मान हलविली. मग म्हणाली, "ते कागद आहेत माझ्याकडे. बघता?" तिने ते पाच महिने जपून ठेवले होते. छिद्रांची एक उभी रांग होती. डावीउजवीकडे क्वचितच एखादे. कोणीही डोळस माणसाने एकदा पाहिले असते तर त्याला कळले असते. मी ते कागद तिच्यासमोर बराच वेळ धरून बसलो.

बिघाड क्षुल्लक होता. स्प्रिंग ज्या दट्ट्याला ढकलते त्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर असतो. तो वर्षानुवर्षे कोरडा पडून आकसला होता. कधी हवा धरी, कधी सोडी. दादांनी उत्साहाने त्यात तेल ओतले, तर पुढचे चार छरे २००च्या वर गेले आणि नळीतून धूर निघाला. दाबाने तापलेल्या हवेत ते तेलच पेटत होते. यंत्र नसते तर "सुधारली!" म्हणून आम्ही पेढे वाटले असते. शेवटी जालन्याच्या एका कारागिराकडून वॉशर आणि स्प्रिंग दोन्ही बदलून आणली. त्यानंतरचे आकडे १५१ पासून १५५ पर्यंत येऊ लागले. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला १५३ मीटर वेग म्हणजे सहा ज्यूलच्याही आतली शक्ती. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीला परवान्यावाचून वीस ज्यूलपर्यंत मुभा आहे. हे मी वहिनींना मुद्दाम गणित करून दाखविले. त्यांनी कणकेचा डबा कोठे आहे ते विचारले.

मी परत निघण्याच्या आदल्या सायंकाळी तनू गोठ्यात सराव करीत होती. बोगदा मांडलेला, शेजारी वही. प्रत्येक छऱ्यामागे ती आकडा लिहून काढी आणि मग लक्ष्याकडे जाई. मी ओट्यावरून उठून तेथे जाऊन उभा राहिलो. नऊ छिद्रे काळ्यात जवळजवळ होती. दहावे डावीकडे खाली निसटले होते. मी काही बोलणार, तोच तिने वहीतला शेवटचा आकडा माझ्यापुढे धरला. "एकशे त्रेपन्न," ती म्हणाली, "हा माझा चुकला, काका." आणि पुढचा छर्रा भरण्यासाठी तिने नळी मोडली.